एकांच्या नऊ रांगा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• सतरा अंकी संख्या मराठीत वाचता येईल;
• संख्यांमधील आकृतिबंध ओळखून त्यामागील कारण सांगता येईल;
• गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या कार्याचा परिचय होईल;
• गणितातील शब्द आणि त्यांवरून रूढ झालेले वाक्प्रचार यांचा संबंध कळेल.

प्रस्तावना

दुधाचा हिशेब, विजेचे देयक, मजुरीचे दिवस, बसचे भाडे अशा अनेक निमित्तांनी संख्यांशी आपला रोज संबंध येतो. हिशेब जुळला की आपण संख्या बाजूला ठेवतो. काही माणसे मात्र हिशेब संपल्यावरही तिच्याकडे पाहत राहतात. ही संख्या अशीच का? तिच्यातील अंक याच क्रमाने का आले? असे प्रश्न ती स्वतःला विचारतात. अशाच एका माणसाची आणि त्याला आवडलेल्या एका मोठ्या संख्येची ओळख या पाठात आपण करून घेणार आहोत. ती संख्या अशी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

पाठ

१. संख्या केवढी आहे?

या संख्येत सतरा अंक आहेत. वाचण्यासाठी आपण उजवीकडून आधी तीन अंकांचा आणि मग दोन-दोन अंकांचा गट पाडू या : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आजच्या व्यवहारात कोटीच्या पुढची नावे फारशी वापरली जात नाहीत, म्हणून ही संख्या अशी वाचता येईल : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

जुन्या गणितग्रंथांत मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव होते. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’ या ग्रंथात एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध असा त्यांचा क्रम आहे. आपल्या संख्येचा सर्वांत डावीकडचा १ हा सतराव्या म्हणजे ‘मध्य’ या स्थानी आहे. परार्धाला ती अवघी एक पायरी कमी पडते.

नावे कळली तरी आकाराची कल्पना येत नाही. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी तिलवारा घाट आहे. मकर संक्रांतीला तेथे जत्रा भरते. लोक स्नान करतात, तिळाचे दान देतात. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मराठी कुटुंबांतही त्या दिवशी तिळगूळ वाटला जातो. समजा, या घाटावर आपण आपल्या संख्येइतके तीळ मोजून ठेवायचे ठरवले. एक हजार तिळांचे वजन साधारण तीन ग्रॅम भरते. त्या हिशेबाने एवढ्या तिळांचे वजन सुमारे ३ कोटी ७० लाख टन होईल. अलीकडच्या काळात साऱ्या जगात वर्षाला साठ ते सत्तर लाख टन तीळ पिकतो. म्हणजे सगळ्या जगाचे पाच वर्षांहून अधिक काळाचे पीक त्या घाटावर आणावे लागेल! आणि सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता हे तीळ मोजले, तर मोजणी संपायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

एवढी मोठी संख्या, पण ती मनात ठेवायला मुळीच अवघड नाही. एकपासून नऊपर्यंत चढत जा आणि पुन्हा एकपर्यंत उतरा. ज्याला मोजायला कोट्यवधी वर्षे लागतील, ते एका दमात सांगता येते. हा गुण तिच्या अंगी कोठून आला?

२. देवळालीचे कापरेकर मास्तर

जबलपूरहून मुंबईकडे जाणारी रेल्वेगाडी इटारसी, भुसावळ, मनमाड, नाशिक रोड अशी येते आणि देवळाली ओलांडून घाट उतरते. कल्याणनंतर डोंबिवली लागते. या मार्गावरील देवळाली आणि डोंबिवली या दोन स्थानकांशी आपल्या संख्येची कथा जोडलेली आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती. त्यातील आकडेमोड पाहता पाहता मुलाला अंकांची गोडी लागली. शालेय शिक्षण ठाण्यास झाल्यावर कापरेकरांनी १९२३ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुढचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते.

त्या काळी मुंबई परिसरातील लोहमार्ग ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’चा होता. या मार्गावरील डोंबिवली स्थानकात कापरेकरांना एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. म्हणून त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. २५५३ ही संख्या पाहा. तिच्या दोन टोकांचे अंक २ आणि ३. त्यांची बेरीज ५. आणि मधले सर्व अंक ५. तसेच ४७७७३ मध्ये ४ आणि ३ यांची बेरीज ७, आणि मधले सर्व अंक ७. ही डेम्लो संख्यांची साधी उदाहरणे होत. यांच्याच कुळात कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ मांडल्या. फक्त १ हाच अंक असलेल्या संख्यांचे वर्ग केले, की त्या मिळतात :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
११११११ पूर्वीची पायरी : ११११११ऐवजी पाच एक घेतल्यास १११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१
१११११११ × १११११११ = १२३४५६७६५४३२१
११११११११ × ११११११११ = १२३४५६७८७६५४३२१
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

शेवटच्या ओळीत आपली संख्या आली. नऊ एकांची जी संख्या, तिचा हा वर्ग आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) आपल्या संख्येतील सर्वांत डावीकडील अंकाच्या स्थानाचे ‘लीलावती’तील नाव कोणते?
(आ) ‘डेम्लो’ हे नाव कशावरून पडले?
(इ) ३८८८५ ही डेम्लो संख्या आहे का? कारण सांगा.

३. असे का घडते?

वरचा मनोरा पाहून कोणीही ‘वा!’ म्हणेल. पण गणिताचा अभ्यास ‘वा!’च्या पुढच्या ‘का?’पासून सुरू होतो. आपण मोठी संख्या सोडून तीन एकांचा गुणाकार शाळेत शिकवतात तसा मांडू :

१११ × १
= १११
१११ × १०
= १११०
१११ × १००
= १११००
तिन्हींची बेरीज = १२३२१

या तीन रांगा वहीत एकाखाली एक, एककाखाली एकक येईल अशा लिहा. प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली दिसेल. आता उजवीकडून स्तंभ मोजा. पहिल्या स्तंभात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. त्यानंतर खालच्या रांगा उरतात, पण वरच्या रांगा संपत जातात. म्हणून चौथ्या स्तंभात दोन आणि पाचव्यात पुन्हा एक. बेरजेत प्रत्यक्षात आपण प्रत्येक स्तंभातील एकांची संख्याच लिहीत असतो : १, २, ३, २, १.

नऊ एकांच्या गुणाकारात अशा नऊ रांगा एकाखाली एक येतात. स्तंभांतील एक नऊपर्यंत वाढत जातात आणि मग एकेकाने कमी होतात. चढताना नऊ स्तंभ, उतरताना आठ; असे मिळून सतरा स्तंभ होतात. संख्येत सतरा अंक का आहेत, मधोमध ९ का आहे आणि दोन्ही बाजू सारख्या का आहेत, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच मांडणीत मिळाले.

४. दहावा एक

आता दहा एक घेतले, तर मनोऱ्याची दहावी पायरीही तशीच येईल का? नऊ पायऱ्या जुळल्या, म्हणून दहावी जुळेलच असे समजण्याचा मोह होतो. करून पाहू.

दहा रांगा मांडल्या की मधल्या स्तंभात दहा एक येतात. एका स्थानी दहा लिहिता येत नाही. तेथे ० लिहून १ हातचा घ्यावा लागतो. डावीकडच्या स्तंभात नऊ एक आहेत. त्यांत हातचा मिळवला की पुन्हा दहा. तेथेही ० लिहायचे आणि १ पुढे न्यायचा. त्यापुढच्या स्तंभातील आठात तो मिळवला की ९ होतात. उत्तर येते :

१११११११११١ नव्हे, तर दहा एकांच्या संख्येचा वर्ग = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावी बाजू मोडली. तिकडचा ८ नाहीसा झाला आणि मधोमध दोन शून्ये आली. आकृतिबंध मोडला हे खरे, पण आपल्याला त्याचे आश्चर्य वाटत नाही. कारण तो कशावर उभा होता हे आपल्याला ठाऊक आहे. हातचा येत नव्हता तोवर तो टिकला, हातचा आला तेथे तो संपला. नुसती यादी पाठ केलेल्या माणसाची दहाव्या पायरीवर फसगत होते. कारण जाणणाऱ्याला मात्र मर्यादाही आधीच कळते. म्हणून आपली सतरा अंकी संख्या ही या सुंदर मालिकेतील शेवटची, सर्वांत मोठी संख्या आहे.

५. आणखी तीन गुणधर्म

पहिला गुणधर्म : ही संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलट क्रमाने वाचून पाहा. भाषेत अशा रचनेला विलोमपद म्हणतात. आपली संख्या हे अंकांचे विलोमपद आहे.

दुसरा गुणधर्म : तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९ आहे. अंक एकेक करून मिळवले तर हे कळेलच. पण न मिळवताही कळू शकते. नऊ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत नऊ एक आहेत. म्हणजे एकूण ८१ एक. हातचा कोठेही आला नाही, म्हणून ते सर्व एक उत्तरात जसेच्या तसे उतरले. दहा एकांच्या वर्गात १०० एक होते, पण उत्तरातील अंकांची बेरीज ८२ भरते. प्रत्येक हातच्याच्या वेळी एका स्थानातील दहा जातात आणि शेजारी एक येतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. हातचे दोन आले, म्हणून १८ कमी झाले.

तिसरा गुणधर्म : या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. येथे कारण असे : नऊ एकांच्या संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून तिला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ × ९ ने, म्हणजे ८१ ने, भाग जाणारच. परंतु मनोऱ्यातील प्रत्येक संख्या हर्षद नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे, आणि १२१ ला ४ ने भाग जात नाही. प्रत्येक गुणधर्म स्वतंत्रपणे तपासावा लागतो, तो असा.

पाठगत प्रश्न २
(अ) सहा एकांच्या संख्येच्या वर्गात किती अंक असतात? त्यांची बेरीज किती?
(आ) २१, २२ आणि ८४ यांपैकी हर्षद संख्या कोणत्या?

६. गंमत की गणित?

कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत ६१७४ या संख्येविषयीचा आपला शोध मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळा केल्यावर ६१७४ येते, आणि मग ते बदलत नाही. आज ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाते.

हे यश सहज मिळाले नाही. अंकांचे असे गुणधर्म शोधणे म्हणजे पोरखेळ, असे मानणारे अनेक गणितज्ञ होते. कापरेकरांनी कोणाशी वाद घातला नाही. शाळा सांभाळून ते आकडेमोड करीत राहिले आणि आपले शोध लहान-लहान पुस्तिकांतून प्रसिद्ध करीत राहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर त्यांचे नाव देशोदेशी पोहोचले. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि ‘का?’ विचारण्याची सवय एवढ्या साधनांवर त्यांनी काम केले. ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले आणि आता पुन्हा सुरू झाले आहे, त्यांच्याजवळही ही साधने आहेत. गुणाकार येत असेल, तर या पाठातील एकही विधान तुम्हांला केवळ विश्वासावर मान्य करण्याची गरज नाही. वही घ्या, रांगा मांडा आणि स्वतः पडताळून पाहा.

भाषाविचार

‘हातचा’ हा शब्द आपण गणितात वापरतो. बेरजेत पुढच्या स्थानासाठी मनात राखलेली संख्या म्हणजे हातचा. त्यावरून ‘हातचा राखून बोलणे’ हा वाक्प्रचार आला. सगळे न सांगता काही मागे ठेवून बोलणे, असा त्याचा अर्थ आहे. ‘एक तीळ सात जणांनी वाटून खाणे’ म्हणजे थोडेसेच असले तरी सर्वांनी मिळून भोगणे. व्यवहारातील मोजमाप भाषेत असे मुरत जाते.

आपण काय शिकलो?

• नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा आहे.
• गुणाकारातील रांगा एकेक घर सरकतात, म्हणून अंक चढतात आणि उतरतात.
• हातचा आला की हा आकृतिबंध मोडतो. म्हणून तो नऊ एकांपर्यंतच टिकतो.
• आकृतिबंध दिसणे ही सुरुवात आहे. त्याचे कारण सापडले की त्याची मर्यादाही कळते.

स्वाध्याय

१. दहा एकांच्या वर्गात आकृतिबंध का मोडतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. १२३२१ ही हर्षद संख्या आहे, हे भागाकार करून दाखवा.
३. कापरेकरांच्या जन्मवर्षातील अंक, म्हणजे १९०५, घेऊन वजाबाकीची कृती करा. ६१७४ येण्यास किती पायऱ्या लागतात?
४. ‘हातचा राखून बोलणे’ आणि ‘एक तीळ सात जणांनी वाटून खाणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या कामात किंवा घरात आढळलेला संख्यांचा एखादा आकृतिबंध लिहा आणि त्यामागचे कारण शोधण्याचा प्रयत्न करा.

शब्दार्थ

आकृतिबंध – ठरावीक रीतीने पुन्हा पुन्हा येणारी रचना
वर्ग – संख्येला त्याच संख्येने गुणून येणारे उत्तर
निःशेष – बाकी न उरता
स्थिरांक – न बदलणारी संख्या
परार्ध – अठराव्या स्थानाचे नाव

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) मध्य. (आ) डोंबिवली या रेल्वेस्थानकाच्या नावावरून. (इ) होय, ३ आणि ५ यांची बेरीज ८ आहे व मधले सर्व अंक ८ आहेत.
२. (अ) अकरा अंक, बेरीज ३६. (आ) २१ आणि ८४.